कूर्मदृष्टी

समुद्राला मराठीत आणि संस्कृतात मिळून किती नावे आहेत असे कोणी विचारले, तर मी एका दमात दहा-पंधरा तरी सांगू शकेन. सागर, सिंधू, अर्णव, उदधी, जलधी, पयोधी, रत्नाकर... गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एवढे यायलाच हवे. शिवाय मी राहतो दादरला. चौपाटी घरापासून चालत दहा मिनिटांवर. तेव्हा समुद्र म्हणजे काय हे आपल्याला पुरते ठाऊक आहे, अशा समजुतीत मी पंचेचाळिशी गाठली. ती समजूत गेल्या मार्चमध्ये गळून पडली, आणि ती पाडली दीड इंच लांबीच्या एका जिवाने.

त्याचे असे झाले. आमची कन्या सातवीत आहे. एके रात्री जेवताना तिने विचारले, "बाबा, समुद्रातलं कासव अंडी घालायला जमिनीवर का येतं?"

मराठीच्या प्राध्यापकाला प्रश्न विचारण्यात हा धोका असतो. मी कूर्मावतारापासून आरंभ केला. समुद्रमंथन झाले, मंदार पर्वत झाला, गीतेतल्या स्थितप्रज्ञाने कासवासारखी इंद्रिये आवरून घेतली, आणि शेवटी मी संतवाङ्मयातल्या माझ्या आवडत्या प्रतिमेपाशी येऊन पोचलो. कासवीला आपल्या पिलांना पाजता येत नाही, भरवता येत नाही; ती नुसत्या दृष्टीने त्यांना वाढवते. ही झाली कूर्मदृष्टी. आपल्या संतांनी गुरूच्या आणि देवाच्या कृपेला ही उपमा किती प्रेमाने दिली आहे!

"बाबा, अंडी!" कन्या म्हणाली.

मला उत्तर येत नव्हते. पलीकडे बसलेली माझी आई मात्र प्रसन्न झाली होती. तिचा हरिपाठ रोजचा, आणि कासवीची गोष्ट तिच्या श्रद्धेतली. "खरंच हो," ती म्हणाली, "तिची नजर असते म्हणून ती पिलं जगतात."

दुसऱ्या दिवशी कन्येने शाळेतून बातमी आणली. समुद्री कासवीण वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि जी समुद्रात जाते ती जातेच. आपली पिले ती जन्मात बघत नाही. नजर नाही नि काही नाही. हे ऐकून आईचा चेहरा उतरला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग त्या पिलांकडे बघतं कोण?"

या एका प्रश्नासाठी आम्ही वेळासला गेलो, असे म्हटले तरी चालेल.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले गाव. पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव, एवढीच त्याची मला ओळख होती. आई गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हती, म्हणून ती बहिणीकडे राहिली. सौ., कन्या आणि मी असे तिघे शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी साधून निघालो. श्रीवर्धनची पहाटेची एस. टी. धरली, हरिहरेश्वरला दर्शन घेतले आणि बागमांडल्याच्या धक्क्यावर येऊन उभे राहिलो. पुढ्यात सावित्रीची खाडी. महाबळेश्वराला उगम पावलेली ही नदी येथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. मोटारी, मोटारसायकली, टोपल्या आणि माणसे एकदमच पोटात घेणारी फेरीबोट आली आणि पाव तासात आम्ही वेसवीला उतरलो. तिथून रिक्षाने बाणकोट. खाडीच्या तोंडावर पहारा करणारा बाणकोटचा किल्ला, ज्याचे इंग्रजांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' असे बारसे केले होते, तो मागे टाकला. वळणावळणाच्या रस्त्याने डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र ठेवीत वेळासला पोचलो.

गाव कोकणातल्या कोणत्याही गावासारखे. लाल वाट, जांभ्या दगडाचे गडगे, शेणाने सारवलेली खळी, नारळी-पोफळीच्या वाड्या. उतरण्यासाठी हॉटेल नाही; गावातल्या घरांतूनच पाहुण्यांची सोय होते. आमचे यजमान सत्तरी ओलांडलेले. गाव त्यांना काका म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. पाय धुवायला पाणी, मग कोकम सरबत, मग काकूंच्या हातची आंबोळी. वाडी मात्र मधूनच टक्कल पडल्यासारखी दिसत होती. मी कारण विचारले.

"निसर्ग वादळ," काका म्हणाले. "३ जून २०२०. पोफळी अशा मोडल्या, जशा काड्या. बापाने लावलेली वाडी दोन-तीन तासांत झोपली, सर. आता पुन्हा उभी होईल ती नातवंडांच्या हाताला."

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनातून वाट काढली की एकदम मोकळा, रुंद, राखाडी वाळूचा किनारा लागतो. भरतीचे पाणी पोचणार नाही अशा जागी जाळीचे कुंपण घातले होते. आत ओळीने खड्डे, प्रत्येकावर उपडी टोपली, आणि प्रत्येकाशेजारी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. गावकरी याला हॅचरीच म्हणतात. सांभाळणारा गावचाच एक तरुण. त्याला म्हणतात कासवमित्र.

त्याने जमलेल्या पन्नास-साठ शहरी मंडळींना सारे समजावून सांगितले. या कासवाचे नाव ऑलिव्ह रिडले. नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या वल्ह्यांनी दीड-दोन फूट खोल, घागरीच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि पहाटेपूर्वी निघून जाते. हा तरुण झुंजुमुंजू व्हायच्या आत सारा किनारा पायी तुडवतो. वाळूत तिच्या वल्ह्यांच्या खुणा ट्रॅक्टरच्या चाकोरीसारख्या उमटलेल्या असतात. त्या खुणांवरून घरटे शोधायचे, अंडी अलगद काढायची आणि कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरायची. बाहेर राहिली तर कोल्ही-कुत्री उकरतात. पुढे पन्नासेक दिवस वाळूची ऊब त्यांना उबवते.

"आणि मुलगा की मुलगी, हेही वाळूच ठरवते," तो म्हणाला. "वाळू जास्त तापली तर माद्या होतात, थंड राहिली तर नर. म्हणून हल्ली उन्हाळा वाढतोय, त्याची आम्हांला धास्ती वाटते. सगळ्या माद्याच निपजल्या तर पुढे काय?"

मग त्याने एकेक टोपली उचलली. सगळ्यांनी माना लांब केल्या. पहिल्या टोपलीखाली वाळू. दुसरीखाली वाळू. शेवटचीखालीसुद्धा वाळूच! जमलेल्या मंडळींत चुळबूळ झाली. एक गृहस्थ म्हणाले, "दोनशे किलोमीटर गाडी हाणत आलो हो!" जणू काय कासवांनी त्यांना वेळ दिली होती आणि ती पाळली नाही. कासवमित्र हसून म्हणाला, "सकाळी सहाला या. त्यांच्या मनात असलं तर दिसतील."

रात्री जेवणे झाल्यावर काका ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. मी त्यांना विचारले, "हे सारे सुरू कसे झाले?"

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाची घरटी मोजीत इकडे आले होते. त्यांना वाळूत अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की येथे कासवे येतात, आणि त्यांची अंडी बहुतेक माणसांच्याच पोटात जातात. त्यांनी गावात बैठका घेतल्या, गावातल्याच मुलांना कामाला लावले. पुढे २००६ पासून पिले समुद्रात जातानाचा सोहळा बघायला बाहेरची माणसे येऊ लागली आणि 'कासव महोत्सव' सुरू झाला. माणसे येऊ लागली, तशी घरोघर पाहुण्यांची उतरायची सोय झाली आणि गावाला चार पैसे मिळू लागले. पुढे वनखातेही गावकऱ्यांच्या जोडीला उभे राहिले.

"म्हणजे पूर्वी लोक अंडी चोरत?" मी विचारले.

काकांचा अडकित्ता थांबला.

"चोरत कशाला म्हणता, सर? आम्हांला ती चोरी वाटतच नव्हती. आंबा पडला की उचलतो, तशी अंडी दिसली की उचलायची. मी स्वतः खाल्ली आहेत. दहा-बारा वर्षांचा असेन. बाप टोपली भरून आणायचा. कडक शिजत नाहीत हो ती, पांढरं तसंच बुळबुळीत राहतं." ते जरा थांबले. "ही संस्थेची पोरं आली तेव्हा पहिल्यांदा मीच चिडलो. म्हटलं, कालची पोरं येऊन आम्हांला समुद्र शिकवतात! मग एका पहाटे त्यांनी मला बोलावून नेलं. पिलं चाललेली बघितली. घरी आलो, हिला म्हटलं, चहा नको. दिवसभर काही गिळवलं नाही. शंभर अंड्यांची एक टोपली, अशा किती टोपल्या झाल्या असतील, ते मोजीत बसलो."

आतून काकू म्हणाल्या, "बाळंतपणाला माहेरी आलेली लेक ती. तिच्या पोटातलं आपण काढून खाल्लं, असं मला वाटलं बघा."

हे कासवीचे माहेर ही नुसती कल्पना नव्हे. जेथे जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्याकडे मादी दहा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला परतते, असे शास्त्रज्ञांनी पाहिले आहे. जानेवारी २०२२ मध्ये याच वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवून तिला समुद्रात सोडले. तिचे नाव ठेवले 'प्रथमा'. आणि गंमत पाहा, मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला जिच्या वल्ह्याला क्रमांकाचा बिल्ला अडकवला होता, ती मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली! बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. काकूंना हे ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "एक माहेर, एक आजोळ असेल तिचं."

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. विजेऱ्या लावायच्या नाहीत अशी ताकीद होती. पिले उजेडाच्या दिशेने जातात, आणि त्यांच्या लेखी रात्रीच्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असतो तो समुद्रच. माणसाने दिवे लावले की त्यांची दिशा चुकते. अंधारात कुंपणाभोवती उभे राहिलो. पूर्वेला डोंगराच्या कडा उजळल्या, आणि कासवमित्राने तिसऱ्या ओळीतली टोपली उचलली.

वाळू हलत होती. प्रथम एक काळे नाक दिसले. मग एक वल्हे. मग एकदम दहा-बारा जीव एकमेकांच्या पाठीवरून वर आले. काळसर, ओलसर, वाळूने माखलेले. कन्येने माझा हात इतका घट्ट धरला की नखे रुतली. एकूण त्रेसष्ट निघाली. ती परडीत घेऊन पाण्यापासून काही अंतरावर ठेवली. पाण्यात नेऊन सोडायची नाहीत. ती वाट त्यांनी स्वतःच्या वल्ह्यांनी चालायची. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून त्यामागे आम्हांला उभे केले होते. काल 'दोनशे किलोमीटर' म्हणणारे गृहस्थ आता अवाक्षर काढीत नव्हते.

पिले निघाली. चार पावले चालायची, दमून मान टाकायची, पुन्हा चालायची. कोणाच्या पावलाने झालेला खळगा त्यांना दरीएवढा. लाट आली की पुढची पाच-सहा उचलून न्यायची आणि एखादे परत वाळूवर फेकायची. ते उताणे पडायचे, सुलटायचे आणि पुन्हा समुद्राकडेच तोंड करायचे. शेवटचे एक फार अशक्त होते. बाकीची दिसेनाशी झाली तरी ते अर्ध्या वाटेवर. वीस मिनिटे पन्नास-साठ माणसे श्वास रोखून एका दीड इंची जिवाकडे बघत होती. शेवटी एक लाट आली आणि वाळू रिकामी झाली.

कासवमित्र हलक्या आवाजात म्हणाला, "हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात."

तेव्हा माझ्या मनात आईचा प्रश्न आला. मग त्या पिलांकडे बघतं कोण? उत्तर समोर होते. कासवी बघत नाही, हे शास्त्र झाले. तिच्याऐवजी हे गाव बघते.

गोष्ट येथे संपली असती तर मी प्रसन्न मनाने घरी परतलो असतो. पण ऊन येईपर्यंत आम्ही किनाऱ्याने फिरलो. भरतीने मागे ठेवलेल्या रेषेवर कन्या शिंपले वेचू लागली आणि ओंजळीत आणून दाखवू लागली. शिंपले थोडे होते. बाटल्यांची झाकणे, निळ्या जाळ्यांचे तुकडे, आणि पांढरे, लहान, त्रिकोणी प्लॅस्टिक.

"हे काय गं?" मी विचारले.

सौ.ने ते लगेच ओळखले. "अहो, दुधाच्या पिशवीचा कोपरा! रोज सकाळी आपण कापून टाकतो ना, तोच."

पुढे काही पावलांवर एक गाठ मारलेली पिशवी अर्धी वाळूत रुतली होती. आत काळी पडलेली झेंडूची फुले आणि दूर्वांची जुडी. निर्माल्य. वाचकहो, ही पिशवी कोणाची, कोठून वाहत आली, हे कोण सांगणार? पण अशीच गाठ मी मारतो. दर वर्षी गणपतीचे निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतो, दादरच्या चौपाटीवर जातो, हात जोडतो आणि पिशवीसकट समुद्रात भिरकावतो. एम. ए. झालेला माणूस मी! काकांनी अंडी खाल्ली ती दहाव्या वर्षी, अजाणतेपणी. माझी सबब कोणती?

"समुद्र कोणाचं काही ठेवून घेत नाही," काका घरी गेल्यावर म्हणाले. "तुमचं तुम्हांला आणून देतो."

ऑलिव्ह रिडलेच्या खाण्यात जेलीफिशही असतात. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी आणि जेलीफिश यांत तिला फरक कळत नाही. मच्छिमारांनी टाकून दिलेली किंवा तुटून गेलेली जाळी धन्यावाचूनच वर्षानुवर्षे शिकार करीत राहतात. त्यांत कासवे अडकतात. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते. ते न जमल्यास ते पाण्यातच गुदमरते.

आणि प्रश्न एकट्या कासवाचा नाही. परत आल्यावर मी आमच्या महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या बाईंकडे शिकवणीच लावली म्हणा ना. पृथ्वीवर जेवढा प्राणवायू तयार होतो, त्यापैकी निम्म्याच्या आसपास समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तयार करतात. माणूस धुराड्यांतून जो कार्बन वायू सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. त्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक तोच गिळतो. पुराणातल्या शंकराने हलाहल प्यायले ते एकदा. समुद्र ते रोज पितो आहे. पण पिण्यालाही मर्यादा असते. अरबी समुद्र तापू लागला आहे, आणि तापलेला समुद्र वादळांना बळ देतो. काकांच्या पोफळी मला त्या वेळी आठवल्या.

तर मग तुम्ही-आम्ही काय करायचे? जहाजे आणि धुराडी काही आपल्या हातात नाहीत. पण मी पाहिले ते गाव काही मोठ्या सत्तेचे नव्हते. त्याने एक जुनी सवय सोडली, एवढेच. आपल्या मुंबईतही २०१५ साली अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन वर्सोव्याचा किनारा हाताने साफ करायला घेतला. माणसे मिळत गेली, आठवड्यामागून आठवडे कचरा निघत गेला, आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिले दिसली. वनखात्याच्या कांदळवन कक्षाने डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात सापडलेले कासव जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छिमारास नुकसानभरपाई द्यायला आरंभ केला. आपले कोळी बांधव पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या दिवसांत, होड्या किनाऱ्याला ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघत आले, तेही हेच शहाणपण.

घरी आल्यावर मी आईला सारे सांगितले. काकांची टोपली, त्रेसष्ट पिले, शेवटचे अशक्त पिलू. निर्माल्याच्या पिशवीचे मात्र सांगायचे टाळले. निर्माल्य वाहत्या पाण्यात जायला हवे, हा तिचा जन्माचा नेम. तिच्या श्रद्धेला एकदा धक्का बसला होता. दुसरा मी कोणत्या तोंडाने देऊ? सौ.ने दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता न कापता पिशवीला तसाच राहू द्यायला सुरुवात केली. बाजाराला कापडी पिशवी आली. निर्माल्याचा विषय मात्र मी गणपतीपर्यंत ढकलला, आणि गणपती आल्यावर गौरी-विसर्जनापर्यंत.

त्या संध्याकाळी मूर्तीला निरोप द्यायला निघालो. मी सवयीने ओट्याखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, आणि हातात धरून तसाच उभा राहिलो. कन्या माझ्याकडे बघत होती. बोलत नव्हती, नुसती बघत होती.

आईने ते पाहिले. तिने निर्माल्याचे ताट उचलले, फुले-दूर्वा एका जुन्या सुती पंचात ठेवल्या आणि सैल गाठ मारून माझ्या हातात दिल्या.

"चौपाटीवर निर्माल्यकलश ठेवतात ना पालिकेचे? त्यात रिकामं कर. खत होतं म्हणे त्याचं. आणि पंचा परत आण."

"पण आई, तुझा नेम?"

"गौर आजच माहेराहून निघाली," ती म्हणाली. "तीही लेक कुणाची माहेरी येत असेल. तिच्या वाटेत आपली घाण नको." आणि नातीकडे वळून म्हणाली, "ती पिलांकडे बघत नाही म्हणालीस ना? मग आपण बघायचं. नजर महत्त्वाची, कुणाची का असेना."

पंचा मी परत आणला. तो देवघरातल्या खुंटीवर, पुढल्या वर्षासाठी, धुऊन वाळवून ठेवला आहे.